म आणि त

पूर्वाने फ्रिजचा प्लग काढला, पंखा बंद केला आणि खिडकीवर रजई टांगली. रेकॉर्डिंगच्या वेळी घरात हूं की चूं चालत नसे.

"फिरसे?" स्वयंपाकघरातून आईने विचारलं. "तुझ्या भाषाशास्त्रापायी माझं दूध फाटतं, ध्यान आहे ना? आणि तांदूळ वाढलेत. बाहेर गेलीस तर घेऊन ये."

"संपलेत म्हण ना, आई. संपले म्हटल्याने काही जास्त संपत नाहीत."

"वाढलेत," विनीताबाई ठामपणे म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं. पण तांदूळ, कुंकू आणि हातातली बांगडी यांच्या बाबतीत त्यांचं गणित वेगळं होतं.

रजईच्या या बाजूला, माइकसमोर हनान बसली होती. मुलगी सुदानची, ओमदुरमानची. इंदूरला फार्मसी शिकायला आलेली, छत्रीबागेत खोली घेऊन राहिलेली. तिची अरबी पूर्वाला सोन्यासारखी वाटायची. सोमवारी पूर्वाचं ऑनलाइन व्याख्यान होतं आणि ते गाजणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या भाषांचं एक भलंमोठं कुटुंब आहे. त्यातल्या अरबीसारख्या भाषांत शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो. आतले स्वर बदलले की त्याच सांगाड्यातून 'तो', 'मी', 'काल', 'उद्या' सगळं निघतं. आणि अख्ख्या कुटुंबात हजारो वर्षं टिकून राहिलेला एक सांगाडा म्हणजे म आणि त. मरणं. अरबी, हिब्रू, अम्हारिक, हौसा, इतकंच काय, प्राचीन इजिप्तमध्येसुद्धा तोच.

"आपल्याकडेही मृत्यू आहेच की," हे ऐकून आई म्हणाली होती.

"तो योगायोग, आई. आपलं खानदान निराळं."

पूर्वाने माइक जरा पुढे सरकवला. "हां, हनान. 'तो मेला'. तीनदा."

"मात. मात. मात."

"बढिया. 'ती मेली'."

हनानने तेही म्हटलं, पण आवाज खाली आला. पूर्वाने काटा पाहून आवाजाची पट्टी वर केली.

"अब 'मैं'वाला."

हनानने ओठ मिटले. मग मान हलवली. "नहीं दीदी. ये नहीं."

"अरे, सिर्फ एक शब्द है."

"मालूम है." ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "उधर लड़ाई है ना. अम्मी का फोन नहीं लग रहा, बहुत दिन से. हर फोन पे वो बोलती थी, तू ठीक है तो मैं ठीक. अभी मैं अपने मुँह से ये बोलूँ? दूसरा कुछ भी पूछो."

पूर्वाने दुसरं पुष्कळ विचारलं. शाफ, त्याने पाहिलं. फात, तो पुढे गेला. आणि त्यांचे 'मी'वाले शब्द. ती सगळी एकाच साच्यातली क्रियापदं. 'मी' आला की आतला लांब 'आ' जाऊन तिथे 'उ' येतो. हनानने सगळे शब्द खणखणीत म्हटले, पोहे खाल्ले आणि ती कॉलेजला गेली. पूर्वाला तिच्याबद्दल वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण व्याख्यानाच्या तक्त्यात हनानच्या ओळीत एक चौकोन रिकामा होता, आणि पूर्वाच्या तक्त्यात रिकामा चौकोन आजवर कोणी पाहिला नव्हता.

ती कॉम्प्युटरपाशी बसली. आवाज कापणं-जोडणं हा तिच्या हातचा मळ. 'मी पुढे गेले' हा शब्द तिने उघडला आणि त्याचा पहिला फ कापून टाकला. 'तो मेला'मधला म उचलून त्या जागी बसवला. सांधा घासून मऊ केला, उंची जुळवली. मग स्पीकर लावून ऐकलं. हनान स्वच्छ, स्थिर आवाजात म्हणाली: मी मेले.

पूर्वा खूष झाली. अशी सफाई तिच्या भाषाशास्त्र विभागात दुसऱ्या कोणाला जमली नसती, हे खरंच होतं. तिने पुन्हा लावलं.

आई हात पुसत दारात आली. "हनान परत आली का? थांब म्हण तिला, डबा द्यायचा राहिलाय."

"नाही गं, हे रेकॉर्डिंग." आणि पूर्वाने उत्साहाने सगळं सांगितलं: फ कुठला, म कुठला, सांधा कसा ऐकू येत नाही. त्या शब्दाचा अर्थ 'मी मेले', हेही सांगितलं.

विनीताबाईंनी ऐकून घेतलं. "पण ती तर नाही म्हणाली होती ना? मला आतपर्यंत ऐकू आलं."

"तिने म्हटलंच नाही. मी जोडलं. आवाज तिचा आहे, बस."

"अच्छा." विनीताबाई पलंगाच्या कडेवर टेकल्या. "माझंही आहे ना तुझ्याकडे? ते इंदुरी मराठीचं केलं होतंस, दिवाळीत."

"आहे की. भरपूर आहे."

"मग माझ्यातूनही होईल असं?"

"आरामात," पूर्वा म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर होतीच. आईचं 'मी', आईचं 'मे', 'गेले'तलं 'ले'. शब्द डोक्यात आपोआप जुळले, आईच्याच आवाजात. पूर्वाने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

विनीताबाई गणिताच्या बाई होत्या. प्रश्न घातला की मुलांना वेळ द्यायचा, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या उठल्या आणि आत गेल्या.

पूर्वाने जोडलेला तो तुकडा पुसला. मग कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसला. उठून फ्रिजचा प्लग लावला आणि पिशवी घेऊन तांदूळ आणायला निघाली.

"येते गं," ती जिन्यावरून म्हणाली.

सोमवारी तिचं व्याख्यान खरोखरच रंगलं. पूर्वा बोलायला लागली की थांबायची नाही, आणि त्या दिवशी तर प्रत्येक उदाहरण नेमकं बसत होतं. मधल्या खोलीत विनीताबाई आणि हनान मटार सोलत होत्या, आवाज न करता. हनानचा फोन ताटलीशेजारी उताणा पडला होता. शेवटी तक्ता पडद्यावर आला. तेवढ्यात अप्पासाहेबांनी, म्हणजे तिला भाषाशास्त्र शिकवलेल्या म्हाताऱ्या सरांनी, हात वर केला.

"पूर्वा, सुदानी अरबीत एक चौकोन रिकामा आहे. तुझ्या तक्त्यात? ते रूप नाहीये का त्या बोलीत?"

"आहे, सर."

"मग बोलणारीला येत नसेल."

"येतं."

"मग भर की. इतर क्रियापदांवरून काय होणार ते पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल."

"मलाही सांगता येईल, सर," पूर्वा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "पण तिची आई ओमदुरमानला आहे."

मधल्या खोलीत मटार सोलणारे हात थांबले.

"राहू दे तसाच," अप्पासाहेब म्हणाले. "पुढे चल."