दोन आकाराम

त्रेचाळीस साली भूमिगत पोरांनी गावाला पंच निवडायला लावला. मत तोंडानं, नाव घिऊनच द्यायचं. खूण चालायची न्हाई. आकाराम आन् नाथाजी सम-सम झाले, राहिली एकटी बनुबाई. नाथाजी आला तर तिच्या उसाचं पानी कायमचं तुटणार व्हतं. पन तिच्या नवऱ्याचं नावबी आकारामच! त्यो ब्रह्मदेशात लढाईवर, वरीसभर कागद न्हाई. आन् बायकूनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं.

"आवं वैनी, माझंच घ्या की नाव!" नाथाजी खिदळला.

डोळं मिटून बनुबाई "आकाराम!" अशी वरडली, की चिंचंवरची वटवाघळं थेट शिराळ्याला पळाली.

पानी सुटलं. बनुबाई मातूर पाटाकडंला दिसभर कपाळावरचं कुंकू चाचपत बसली.