अकीकातली बाई

खड्यात बाई आहे हे आधी मिरीला दिसलं. बाप काडीच्या टोकाला लाखेनं खडा चिकटवत होता. ती त्याच्या खांद्यावरून वाकली आणि म्हणाली, "बाबा, थांब ना. आत कुणीतरी बसलंय."

अंगठ्याच्या पेराएवढा दुधाळ अकीक. पोटात तपकिरी, काळ्या रेघा. धंद्यात याला डाग म्हणतात. डाग दिसला की भाव पडला. म्हणून घासा, अजून घासा, खडा अर्धा झाला तरी चालेल, पण स्वच्छ दिसला पाहिजे. हा नियम करणाऱ्यांनी जन्मात एकदा तरी खडा उजेडाला धरून पाहिला होता का, देव जाणे. मिरीनं धरला. धुक्यात एक बाई पाठमोरी बसली होती. एक गुडघा वर, केस एका खांद्यावर घेतलेले. समोर पाणी असावं, कारण तिच्याखाली दुसरी तशीच बाई उलटी तरंगत होती.

"आई आहे," मिरी म्हणाली.

बापाच्या बोटांतली लाख निवून दगड झाली.

गल्लीत त्याला घाशा म्हणत. बावीस वर्षं खडे घासायच्या चाकावर काढलेली. तीन वर्षांपूर्वी बायको दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाकडे निघून गेली. महिन्याभरानं मुलीला न्यायला आली, तेव्हा यानं दार उघडलं नाही. नंतर तिचे फोटो गेले, तिचा कप गेला. पलंगामागच्या भिंतीवर तिच्या डोक्याच्या तेलाचा गोल डाग होता, तोही यानं पॉलिश पेपरनं खरवडून काढला. गल्ली त्याला मानी माणूस म्हणायची. आतून पोर दारावर मुठी मारतेय आणि हा कडीला हात लावून उभा. याला मान म्हणतात म्हणे. घरात तिचं नाव निघालं की तो उठून चाक सुरू करायचा. चाकाच्या आवाजात कुणाचंच नाव ऐकू येत नाही.

शाळेला प्रयोगशाळेवर छप्पर हवं होतं. शाळा खडे घासणाऱ्यांच्या गल्लीतली, तेव्हा ठरलं की घरोघरी टाकाऊ खड्यांचे दागिने करायचे आणि रविवारी शाळेत विकायचे. चित्रकलेच्या बाईंनी वर एक पाचर मारली: डाग घासायचे नाहीत. खड्यात काय दिसतं ते मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी दागिन्याला बांधायची. मग काय, कुणाच्या खड्यात आजोबांची दाढी, कुणाच्या खड्यात शिंकणारा कुत्रा. मिरीनं लिहिलं: 'यात माझी आई बसली आहे. जो घेईल त्याने तिला उजेडात ठेवावे.'

"काय रे घाशा," खड्यांना चांदीची तार गुंडाळणारा तारकाका शेजारच्या स्टुलावरून म्हणाला, "पोरीनं तुझी पार वरातच काढली की! आता अख्खी गल्ली तुझ्या बायकोला गळ्यात घालून बघणार."

"तू तुझी तार बघ." मग बाप मुलीकडे वळला. "विकायचीच कशाला म्हणतो मी? घरात राहू दे."

"घरात ठेवली तर तू टाकून देशील," मिरी म्हणाली. "दुसऱ्याच्या गळ्यात राहील तरी."

बाप उठला आणि त्यानं चाक सुरू केलं.

शनिवारी दुपारी वरवरची झिलई तेवढी राहिली होती. मिरी शाळेत होती. चाकाची घरघर, त्यावर पाण्याची बारीक धार, खालच्या परातीत थेंब थेंब साचणारं पांढरं पाणी. तो त्या पाण्याकडे बघत राहिला. परात रुंद होत गेली. काठ दूर सरकले. पलीकडे धुकं उतरलं, आणि घाटावर ती केस मोकळे सोडून बसलेली. पाणी हलत नव्हतं. त्यानं हाक मारली नाही, तरी तिची मान हळूहळू कलली, केसांआडून गाल दिसला. आता ती वळून बघणार.

त्याचा हात दाबला गेला.

चाक थांबलं तेव्हा खडा गोठलेल्या दुधासारखा पांढरा होता. रेघ नाही, सावली नाही. बावीस वर्षांत इतका स्वच्छ खडा त्याच्या हातून निघाला नव्हता.

"वा! एक नंबर," तारकाका म्हणाला. मग त्याचं लक्ष घाशाच्या तोंडाकडे गेलं आणि तो पुन्हा आपल्या तारेकडे वळला.

मिरी आली, दप्तर न काढताच तिनं खडा खिडकीशी नेला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला.

"कुठे गेली?"

"हाताला सवय असते गं..."

"सवय? का मुद्दाम?"

"अगं, चाकावर माणसाचा डोळा लागतो," तारकाका मध्ये पडला. "माझी तर एकदा—"

"काका, तुम्हाला नाही विचारलं."

आता खोटं बोलणं अगदी सोपं होतं. साक्षीदार शेजारीच तयार बसला होता. बापानं हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले.

"डोळा लागला होता," तो म्हणाला. "पण ती वळून बघणार होती. मला ते नको होतं. म्हणून दाबला."

मिरी रडली नाही. तिनं आपली चिठ्ठी फाडली आणि कोरी चिठ्ठी आणि पेन त्याच्यासमोर ठेवलं. "लिही मग. तूच लिही."

त्याची बोटं अजून ओली होती, शाई पसरत होती. त्यानं लिहिलं: 'यात एक बाई बसली होती. मी घासून काढली.'

रविवारी शाळेच्या सभागृहात लांब टेबलांवर खडे मांडले होते. चित्रकलेच्या बाईंनी चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. "अहो, असं लिहिलंत तर हे घेणार कोण?"

"नाही घेतलं तर नाही," मिरी म्हणाली.

टेबलामागे बापच बसला होता, मिरीनं बसवलं होतं. शिंकणारा कुत्रा पहिल्या पाच मिनिटांत गेला. आजोबांच्या दाढीवरून दोन बायकांत जुंपली. तारेत बसवलेला पांढरा खडा मात्र लोक उचलत, वा वा म्हणत, चिठ्ठी वाचत, बापाकडे बघत आणि जागच्या जागी ठेवून देत. त्याला मानी म्हणणारी तोंडं एकेक करून समोरून गेली.

शेवटी शाळेची बस चालवणारी बाई आली. किल्ल्यांचा जुडगा वाजवत तिनं चिठ्ठी वाचली, खडा खिडकीकडे धरला.

"कुठे बसली होती?"

बापानं नखानं जागा दाखवली. "इथं. पाठमोरी."

"काय करत होती?"

"केस वाळवत होती." तो थांबला. समोरची बाई जागची हलली नाही. "गुणगुणत होती. एकच ओळ, पुन्हा पुन्हा. तीही बेसूर. मी म्हणायचो, अगं पुढची ओळ म्हण की. तर म्हणायची, मला हीच आवडते."

पलीकडे सुटे पैसे देणारी मिरी तशीच थबकली. तीन वर्षांत त्याच्या तोंडून आईबद्दल एवढं कधी निघालं नव्हतं.

"हे खड्यात नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

बस चालवणाऱ्या बाईनं पर्स उघडली. "जरा थांबा," मिरीनं तिला सांगितलं आणि ती टेबलाला वळसा घालून बापासमोर येऊन उभी राहिली.

"कुठली ओळ?"

सगळ्या गल्लीसमोर बापानं घसा खाकरला.