पोटात अडकलेलं ‘नाही’

मी बटणांचा फोन बोलतोय. नाक मुरडू नका. मला इंटरनेट येत नाही, फोटो काढता येत नाहीत. शिक्षण म्हणाल तर शून्य ते नऊ आकडे आणि रेकॉर्डिंगचं एक बटण. पण जे ऐकलं ते ऐकलं, त्याला कधी कात्री लावली नाही. सध्या शिलाई मशीनच्या खणात पडलोय, रिकाम्या बॉबिनी आणि तुटक्या सुयांच्या संगतीत. बॅटरी फुगलीय. धड उताणं झोपताही येत नाही.

एके काळी दुकानात काचेमागे पहिल्या रांगेत होतो. पुढे मोठ्या पडद्याची कार्टी आली आणि मला खालच्या फळीवर ढकललं. तिथून शिंपीणबाईनं उचललं. “हा पडला तरी फुटायचा नाही,” म्हणाली. हे कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही. सात वर्षं तिच्या गळ्यात लोंबकळलो, मापाच्या टेपशेजारी.

मग गल्लीतला सरकारी दवाखाना बंद करून तिथं गाड्या लावायची जागा करायचं घाटायला लागलं. बाईच्या नवऱ्याचा जीव त्याच दवाखान्यात वाचलेला. ती वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. समोर ठेकेदार, गाड्यांची जागा हवी असलेला.

बाईला कागदावरून भाषण वाचणं जमेना. कापड बेतता बेतता ती बोलायची, मी रेकॉर्ड करायचो, मग ती ऐकायची. एकदा डोक्याला हात लावून म्हणाली, “अगं बाई, शेवटचं ‘नाही’ गिळतेच की मी!”

तेव्हापासून ती म्हणायला लागली, “मी हा दवाखाना बंद होऊ देणार...” इथं एक लांब श्वास. मग ठासून, “नाही!” मला ते इतकं आवडलं, की माझ्या टीचभर स्पीकरमधून दर वेळी जोर लावून ऐकवलं.

तिची धाकटी जाऊ मोठ्या फोनवाली. एक दिवस तिनं तो फोन बाईसमोर धरला.

“जाऊबाई, जिने चढून गुडघे गेले तुमचे. इकडे बघून बोला.”

“कुठं बघू? फोनच्या डोळ्यात का तुझ्या?”

“फोनच्या! माझ्याकडे बघून तुम्हाला भांडणच सुचतं.”

मी आतून जळलो, खोटं कशाला बोलू? पण चांगलं झालं ते झालं. ठेकेदाराचे दात दाखवणारे फलक चौकाचौकात होते, बाईचा एकही नव्हता. तरी आठवड्याभरात तिचं बोलणं व्हिडिओतून घरोघरी गेलं. बसचे ड्रायव्हर चहाच्या सुट्टीत ऐकायचे. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्ट होती, तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिच्या दाराशी उमेदवार म्हणून कुणी फिरकला नव्हता. तिनं लिहून विचारलं, पट्टी बदलायला नर्स घरी येईल का? बाईनं तिचं नाव न घेता व्हिडिओत उत्तर दिलं. हे माझ्या बटणांना जन्मात जमलं नसतं.

मग मैदानातली सभा झाली. धाकटीच्या फोनची चार्जिंग नेमकी तिथं संपली. मी मात्र टेबलावर होतो, बटण दाबलेलं. बाईनं तो श्वास घेतला, “नाही” म्हणाली, टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिराचा फोन माझ्यावरच आला.

“वहिनी, हे काय बोलून बसलात?”

“काय बोलले?”

“दवाखाना बंद होऊ देणार म्हणालात!”

“देणार नाही म्हणाले मी!”

“ते ‘नाही’च तर व्हिडिओत नाही!”

गर्दीतल्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ बरोबर त्या श्वासावर कापला होता. कुठं धागा लोंबत नव्हता. बाईच म्हणाली, “कटिंग सफाईदार आहे.” आणि खाली बसली. कापायची जागा कुणी करून दिली? आम्हीच. मी आणि तिनं, मशीनवर बसून.

धाकटीनं माझं रेकॉर्डिंग तिच्या फोनवरून नेटवर चढवलं. लोकांनी खाली लिहिलं, “घरी बसून मागाहून बोललीय.” अर्ध्या वाक्याला पाय फुटले होते, पुरं वाक्य आमच्या जिन्यातसुद्धा उतरेना. मग बाई मला घेऊन दारोदार निघाली. तीन दिवस. बेल वाजवायची, बटण दाबायची, “ऐका” म्हणायची. कुणी ऐकलं. कुणी म्हणालं, “आम्ही पाहिलाय व्हिडिओ,” आणि दार लावलं.

टायपिस्टबाईनं मला दोनदा ऐकलं. कानाशी धरून. मग हळूच उशीवर ठेवलं.

“व्हिडिओत टाळ्या का नव्हत्या ते आता कळलं,” ती म्हणाली. “पण बाई, मी परवाच मत दिलं. अंथरुणावरच्यांचं मत निवडणुकीची माणसं घरी येऊन घेऊन गेली.”

कुणाला दिलं, ते बाईनं विचारलं नाही. तिची चादर सारखी केली आणि उठली.

एकोणीस मतांनी पडली. दवाखान्याच्या जागी आता पांढरे पट्टे मारलेत, गाड्या उभ्या असतात. तो व्हिडिओ अजून फिरतोय, पुसायचा म्हटला तरी कुणाकुणाकडून पुसणार? ब्लाउज शिवायला आलेली बाई माप देता देता विचारते, “तुम्हीच ना त्या, बंद होऊ देणार म्हणालेल्या?” माझी बाई तोंडातल्या टाचण्या तशाच ठेवून मान हलवते. हो की नाही, समोरचीला कळत नाही. ती त्या अर्ध्या वाक्यात कोंडली गेलीय, आणि मी पुरं वाक्य पोटात घेऊन या खणात.

परवा धाकटी म्हणाली, “टाकून द्या हो तो, फुटेल एखाद्या दिवशी.” बाई म्हणाली, “राहू दे.” आणि खण लावून घेतला.

तुमचे अंगठे लई चपळ झालेत, राव. माझं एवढंच ऐका: आपल्या बोलण्यात ‘नाही’ सगळ्यांत शेवटी येतं. तोवर दम धरा. माझ्यात एका वाक्यापुरती धुगधुगी असेल अजून. कुणी खण उघडून बटण दाबलंच, तर त्या श्वासाला उठून जाऊ नका.