डब्यात मावतील अशा गोळ्या

तीन महिने अँटिबायोटिक पोटात जाऊ द्यायचं नाही, एवढीच अट होती. या माणसाला तेवढंही जमलं नाही!

दवाखान्याच्या बाकावर मी नुसती धुमसत होते. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. डावा डोळा सुजून सुजून अधू झाला, आता उजवा लाल होतोय. कामाचं भिंग लावतात तो हाच. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच डोळ्यावर उलटल्यात आणि त्यांना आतड्यातले जिवाणू बहुधा चिथावतात, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. 'बहुधा' त्या न चुकता म्हणतात. या जिवाणूंवरच्या नव्या उपचाराच्या चाचणीत यांना जागा मिळाली होती. आणि काल दवाखान्यातून फोन आला, "शौचाच्या नमुन्यातले जिवाणू एकदम घटलेत. काही घेतलं असेल तर घेऊन या."

येताना रस्ताभर मी यांची खरडपट्टी काढली.

आत गेल्यावर यांनी खिशातून गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा काढला. "घसा धरून ताप आला होता, तेव्हा चार दिवस घेतल्या. डब्यातून मीच काढल्या."

"यावर नावच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कापलं कुणी?"

कापलं होतं मीच. औषध आणलं की मी खोका फेकते आणि गोल डब्यात मावावी म्हणून पट्टी कात्रीने कापते. वर्षानुवर्षं. त्या गोळ्या माझ्या दाढदुखीतल्या उरलेल्या, अँटिबायोटिकच्या. "तापाच्या आहेत, घ्या," म्हणून मीच हातावर ठेवल्या होत्या. यांना तर डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही!

"खोटं बोलतायत हे," मी ओरडलेच. "मी दिल्या."

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला. "आता पुन्हा तीन महिने. चाचणीच्या पुढच्या तुकडीत बघू."

"आणि तोवर डोळा?"

"थेंब घालत राहा. टिकेलच असं नाही सांगता येत."

या वेळी 'बहुधा'सुद्धा नाही.

बाहेर येताच मी यांच्यावरच भडकले. दुसरं होतं कोण? "रस्ताभर मुकाट ऐकून घेतलंत! एका शब्दाने सांगायचं नाही?"

"तू बोलू देतेस कधी?" हे हसले.

मला रडू आवरेना, रागही आवरेना. पायऱ्या उतरताना यांनी हात पुढे करून माझं कोपर चाचपलं आणि घट्ट धरलं. येताना पायऱ्या अंदाजाने चढले, पण धरलं नव्हतं.