क्लिफर्डची वहिवाट

पेडलकोटच्या आसपास पळायच्या वाटा अकरा, आणि अकराही क्लिफर्डने आखलेल्या. पस्तीस वर्षं त्याने या भागात टपाल वाटलं, त्यामुळे कुठल्या कुंपणाला पायऱ्या आहेत, कुठल्या शेतातला बैल मारका आहे आणि कुणाचा कुत्रा नुसताच भुंकतो, हे त्याला पाठ. प्रत्येक वाटेचा नकाशा त्याने हाताने काढलाय. नावंही त्याचीच: 'मारका बैल', 'तीन चिखल', 'पाद्रीबाईंचा चढ'. आम्ही मंगळवारची मंडळी, पाच बायका आणि दोन पुरुष, सगळे साठीच्या आगेमागे, बावीस वर्षं त्याच्यामागून धापा टाकतोय. तो एकोणऐंशीचा आहे. पळतो म्हणजे काय, चालणाऱ्यापेक्षा जरा घाई करतो. पण थांबत नाही.

अकरावी वाट मंगळवारी आम्हा सगळ्यांची आणि एरवी रोज त्याची एकट्याची. गावाच्या टोकापासून विल्फ गारसाइडच्या शेतातून, ओढ्याकाठाने, पलीकडे स्टॅनरिज नावाच्या कुरणात उतरते. दोन मैल. कुरणाच्या तळाशी वृद्धाश्रम आहे आणि तिथे डोरोथी आहे, क्लिफर्डची बायको. चार वर्षांपासून तिची आठवण विरत चाललीय. वार गेले, महिने गेले, पोटच्या मुलीचं नाव गेलं. पण साडेदहाला ती खिडकीत बसते, आणि कुरणाच्या माथ्यावर लाल टोपी दिसली की टाळी वाजवून म्हणते, "आमचा क्लिफर्ड आला." मग चिखलाने बरबटलेला हा प्राणी आत जातो आणि दोघं चहा पितात.

गेल्या नोव्हेंबरात विल्फने शेत विकलं आणि तो लेकीकडे डेव्हनला गेला. शेत घेतलं लंडनच्या टोबायस लाथमने. त्याने अल्पाका पाळले, ते लांब मानेचे, लोकरीचे, सदा रुसल्यासारखे दिसणारे प्राणी. कुणाचंसं कुत्रं त्यांच्या मागे लागलं आणि आठवड्याच्या आत वाटेवर फाटक, फाटकाला कुलूप, कुलपावर पाटी: खासगी, वाट नाही. कुरणही त्याचंच, चारी बाजूंनी काटेरी कुंपण. जिल्ह्याच्या सार्वजनिक वाटांच्या नकाशात ही वाट कधी नव्हतीच, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

त्याच्या जागी मी असते तर फाटकावरून उडी मारली असती. क्लिफर्ड बसने गेला. कोट घालून, भांग पाडून, पुढच्या दाराने. डोरोथी म्हणाली, "या ना, बसा. आपण कुणाकडे आलात?"

दुसऱ्या खेपेला मी त्याला अर्ध्या चड्डीत, लाल टोपीत माझ्या गाडीतून नेलं. डोरोथी खो खो हसली. "या वयात हे काय हो ध्यान! माझा नवरापण पळतो, बरं का. तिकडून, कुरणातून येतो. येईलच एवढ्यात." आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. क्लिफर्ड गाडीत येऊन बसला. पट्टा लावायचंही त्याला सुचेना.

"तिला मी काही ओळखीचा वाटलो नाही," तो म्हणाला.

माझी तेहतीस वर्षं परिचारिका म्हणून गेली आहेत, मी सहसा रडत नाही. त्या दिवशी गाडी बाजूला घेऊन रडले.

म्हणून आम्ही लढायचं ठरवलं. पायवाट संघटनेच्या प्रुडन्सबाई आल्या, चष्मा कपाळावर आणि फायली काखेत. त्यांनी सांगितलं, लोकांनी वीस वर्षं वाट वापरली असेल तर ती लोकांची होते. मात्र वापर बळजबरीने नको, लपूनछपून नको आणि परवानगी घेऊनही नको. "तेव्हा लाथमच्या दारात कुणीही पाऊल टाकायचं नाही. विनंती केली की हक्क मेला."

क्लिफर्डने हात वर केला. "नुसतं भेटायला, नव्या वर्षाचं...?"

"नाही."

त्याने हात खाली घेतला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बस फक्त मंगळवारी आणि गुरुवारी; त्या दोन दिवशी तो बसने जायचा आणि 'आपण कुणाकडे आलात' ऐकून परत यायचा.

फेब्रुवारीत माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं वाटेच्या हक्कासाठी आपापले अर्ज भरायला बसलो. नववा प्रश्न होता: ही वाट वापरायला तुम्ही कधी परवानगी मागितली होती का? मी ठसठशीत लिहिलं, 'कधीच नाही.' क्लिफर्ड मात्र लिहितोय लिहितोय, समासापर्यंत गेला. मी त्याचा कागद ओढून घेतला. 'दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या सोमवारी हिरव्या टोमॅटोच्या चटणीची बाटली घेऊन मी विल्फकडे जात असे आणि सर्व मंडळींच्या वतीने विचारत असे. तो हो म्हणत असे.'

"दर वर्षी?"

"बावीस वर्षं. एकदा मला ताप होता, तेव्हा डोरोथी गेली होती."

"अहो, पण का? कुणी सांगितलं होतं विचारायला?"

"दुसऱ्याच्या शेतातून जायचं, ग्लेंडा. विचारायला नको?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ती चौकट कोरी सोडा! विल्फ बसलाय डेव्हनला. कुणाला कळणार आहे?"

"मला माहीत आहे ना."

"क्लिफर्डराव, ती तिकडे खिडकीत बसलीय!"

त्याने पेनाला टोपण लावलं. "ती कुठे बसलीय ते मला माहीत आहे, पोरी." आणि कागदाची नीट घडी घालून तो गेला.

प्रुडन्सबाईंनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला. सर्वांच्या वतीने विचारलं, म्हणजे सर्वांनाच परवानगी होती. हक्क संपला. मंडळींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दुकानातल्या बेरिलने तर त्याला पाव देताना तोंड फिरवलं. सगळ्यात जास्त मी चिडले होते, आणि एकोणऐंशी वर्षांच्या माणसाच्या श्रीमुखात भडकावता येत नाही, म्हणून सकाळी उठून थेट लाथमच्या दारात गेले.

मी जन्मात कुणाकडे काही मागितलेलं नाही. आमच्या आईचं म्हणणं, ही जन्मली तेव्हाही रडली नाही, ओरडली. दार उघडल्याबरोबर मी सुरुवात केली. "तुमच्या त्या उंटाच्या चुलतभावांसाठी एका म्हाताऱ्या माणसाची बायको त्याला ओळखेनाशी झालीय, कळतंय का?" लाथम चाळिशीचा, स्वेटरला गवत चिकटलेलं. मग मी डोरोथीचं सगळं सांगितलं. आणि शेवटी कसंबसं म्हटलं, "कृपा करून जाऊ द्या त्याला."

"ते चटणीवाले का?" त्याने विचारलं.

"चटणीचं तुम्हाला कसं कळलं?"

"विल्फने शेत देताना सांगितलं होतं. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी एक गृहस्थ चटणी घेऊन येतील, वाट मागतील. त्यांना हो म्हणा, चटणी मात्र बेताने खा. मी म्हटलं, येतील तेव्हा कुत्री बांधून आणा म्हणून सांगू, फाटक काढून टाकू. त्या दिवशी केकसुद्धा आणून ठेवला होता. कुणीच आलं नाही. आलं ते संघटनेचं पत्र."

तीन महिने आम्ही शहाण्या माणसांनी मिळून क्लिफर्डला ज्या दारात जायची बंदी केली होती, ते दार त्याची वाट बघत होतं. मी पायरीवरच बसले. लाथमने न विचारता चहा आणून दिला, आणि मी 'थँक्यू' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी फाटक सताड उघडं होतं. तरी क्लिफर्ड आधी लाथमकडे जाऊन रीतसर विचारून आला, आणि तोवर मी थंडीत पाय आपटत उभी. मग निघालो. तीन महिन्यांत त्याचे गुडघे आखडले होते. ओढ्यापाशी दोनदा थांबला, जो माणूस कधी थांबत नाही. मीही थांबले. कुरणाच्या माथ्यावर मी मुद्दाम झाडीमागे राहिले. उतारावर त्याची एकट्याची लाल टोपी दिसली पाहिजे, दुसरं काही नको. तो उतरत गेला, घसरला, उठला, पुन्हा पळायला लागला. खिडकी लांब होती. टाळी वाजली की नाही, मला दिसलं नाही. मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. तीन महिने फार होतात.

दहा मिनिटांनी मी आत गेले. क्लिफर्ड खुर्चीत, पोटरीपर्यंत चिखल, आणि डोरोथी स्वतःच्या रुमालाने त्याचा कान पुसत होती.

"हा आमचा क्लिफर्ड," ती मला म्हणाली. "रोज येतो पळत." मग मला जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाली, "मध्यंतरी एक म्हातारे गृहस्थ बसने यायचे. फार भले हो. माझ्यापाशी बसायचे, जाताना डोळे पुसायचे. त्यांचं कुणी राहिलं नसावं. ते दिसले तर सांग त्यांना, माझं माणूस आलंय. आता त्यांनी खेपा घालायला नकोत."

"मी सांगेन त्यांना," क्लिफर्ड म्हणाला आणि तिच्या कपात साखर घालून ढवळायला लागला.