खुंटी

देवापुढे निरांजन लावून कुसाबाई वळल्या, तर नात खुंटीवरून दप्तर काढत होती. टाचाही न उचलता.

कुसाबाई जागीच थांबल्या. गावचं घर पाडताना दीपकने ही सागाची खुंटी आठवण म्हणून आणली होती, आणि नाशिक रोडच्या या फ्लॅटमध्ये चांगली उंचावर ठोकली होती. आरोहीचा हात पोचत नाही म्हणून तिचं दप्तर रोज तिची आई, हर्षालीच काढून द्यायची.

“दीपक, खुंटी खाली कोणी घेतली रे?”

“कोण घेणार? पोर वाढली, आई.” त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही. श्रावणातले उपास आता सासूबाईंना झेपत नाहीत, असं सुनेने हळूच सुचवलं.

कुसाबाईंनी भिंतीवरून तळवा फिरवला. वर जुनं भोक नाही, रंगाचा टवका नाही. नुसता ओल्या मातीचा वास. सिमेंटच्या भिंतीला.

गावी या खुंटीवर विळा असायचा. ज्या लेकराचा हात विळ्याला पोचला, ते दुसऱ्या दिवसापासून कामाला; त्यावर कुणी वाद घालायचा नाही. हात आधी कुसाचा पोचला होता. पण एका सुगीत ती तापाने आडवी झाली, आणि धाकट्या बहिणीचा, चिमणाचा, हात एकाएकी पोचला. भिंत ताजी सारवलेली होती. “पोर वाढली,” वडील म्हणाले. आईने मुकाट्याने फडक्यात भाकरी बांधली. बांधावर गवतातल्या सापाचं चिमणाला पान लागलं. दिवस मावळता तिला घोंगडीत गुंडाळून आणली.

पहाटे आरोही आपणहून उठून बसली.

“आज्जी, भाकरी बांधून दे ना. ती बाहेर थांबलीये.”

“कोण गं?”

“माझ्याएवढीच आहे.”

कुसाबाईंनी तिला थोपटून पुन्हा निजवलं. भाकरी थापली, कांदा घातला, फडक्याला गाठ मारली आणि पुरचुंडी स्वतःच्या हाताने खुंटीला अडकवली.

“लेकराला राहू दे, चिमणे,” त्या भिंतीला म्हणाल्या. “पाळी माझीच व्हती.”

उजाडल्यावर हर्षालीने टाचा उंचावून दप्तर काढलं. खुंटीवर दुसरं काही नव्हतं. दार उघडंच होतं. सासूबाई मुक्तिधामच्या देवळात गेल्या असतील, असं तिला वाटलं.

मग दारातल्या त्यांच्या चपला दिसल्या. आणि ती या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, देवापुढचं निरांजन लागलेलं नव्हतं.