गाडीतला गारवा

गुडीहत्नूरच्या अमृतरावांना एक खोड होती. बिघडलेली वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवत. धंदा भाजीपाल्याच्या अडतीचा, पण रिकाम्या वेळात शेजारणींच्या शेगड्या, विहिरीवरची मोटार, देवळातला भोंगा, सगळं त्यांच्याच हाताखालून जाई. बहुतेक वेळा वस्तू चालूही होई आणि अमृतरावांच्या अंगावर मूठभर मांस चढे. जयवंताबाई, त्यांची बायको, चारचौघींत या खोडीचं कौतुक करी आणि घरात थट्टा. पण 'हे असं नका करू' म्हणून तिनं कधी तोंड उघडलं नाही. नवऱ्यावर माणसानं एवढा विश्वास ठेवू नये, असं आपलं मला वाटतं.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात बिघडलं ते तिचंच काळीज. झडप निकामी झाली होती. नागपूरच्या डॉक्टरनं मे महिन्यातली ऑपरेशनची तारीख दिली, ती चुकवू नका म्हणाला, आणि एवढ्या उन्हातून आणूही नका म्हणाला. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला त्याचं काय जातं! मागच्या खेपेला एसटीत पांढरकवड्याजवळ तिची शुद्ध हरपली होती आणि ओठ निळे पडले होते. अमृतरावांनी ते ओठ पाहिले होते. रात्रीचं निघावं तर त्या दिवसांत वाटमारीच्या भीतीनं अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं कोणी घरची गाडी काढत नसे.

घरची गाडी म्हणजे एका कंत्राटदाराकडून घेतलेली जुनी अँबेसिडर. त्यानं हौसेनं तिला एसी बसवून घेतला होता. गाडी ठणठणीत होती, पण एसीतून वर्षभर भट्टीसारखी हवा येत होती. आदिलाबादच्या चंपत मिस्त्रीनं तपासून सांगितलं, की त्यातला गॅस संपला आहे, तो हैदराबादहून मागवावा लागेल आणि त्याला आठवडा-दोन आठवडे लागतील. नागपूरची तारीख त्याच्या आधीची होती.

अमृतराव तसेच परतले आणि वाटेत एका ढाब्यावर चहाला थांबले. तिथं एका ट्रकवाल्यानं त्यांना हिंदीत सांगितलं, की त्यात काय एवढं, आपल्या चुलीचा गॅससुद्धा थंड करतो, कितीतरी लोक भरतात. खरं म्हणजे हे परत चंपतला विचारायला हवं होतं. अमृतरावांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि नाही ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

जयवंताबाई आत पडून होती तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर अंगणात नेला. कुठून कुठून नळ्या आणि जोड जमवले, आणि संध्याकाळपर्यंत खटपट करून गॅस त्या यंत्रात घातला. गाडी चालू केली. डॅशबोर्डखालच्या जाळीतून गार वारा आला. अमृतराव एकटेच गाडीत बसले आणि लहान पोरासारखे रडले.

थोडा वास येत होता. तो त्यांना जाणवला नाही असं नाही. पण गॅस भरला तर गॅसचा वास येणारच, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उलट वास येतोय म्हणजे गॅस आहे, असा त्यांना धीरच आला.

निघायच्या दिवशी ऊन चढलंच होतं. गारवा जाऊ नये म्हणून त्यांनी चारही काचा लावल्या, इंजिन चालू ठेवून गाडी चांगली गार केली आणि बायकोला धरून मागच्या सीटवर बसवलं. तिनं नवी नायलॉनची साडी नेसली होती. गार हवा तोंडावर आली तशी ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. ते हसू पाहून अमृतराव इतके हरखले, की काय करू अन् काय नको असं त्यांना झालं.

त्यांच्या घरची रीत अशी, की लांबच्या प्रवासाला निघताना गाडीतल्या देवाच्या तसबिरीपुढे कापूर लावायचा. एरवी दारं उघडी असत. आज गारव्यासाठी सगळं बंद. अमृतराव पुढच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, डॅशबोर्डवरच्या वाटीत कापराची वडी ठेवली आणि काडी ओढली.

भडका एका क्षणाचाच होता. धक्क्यानं दार उघडलं आणि अमृतराव बाहेर फेकले गेले. हात आणि तोंड भाजलं, तरी त्यांनीच मागचं दार उघडून तिला ओढून काढलं. साडी तिच्या अंगाला चिकटली होती.

लोक जमले. विचारणाऱ्या प्रत्येकाला अमृतरावांनी सांगितलं, की वायर जळाली, ठिणगी पडली. पोलिसांनाही तेच सांगितलं. आदिलाबादच्या डॉक्टरांनी इथं काही होणार नाही, नागपूरला न्या, असं सांगितलं. मिळाली ती एक उघडी जीप. तिला ओल्या चादरीत गुंडाळलं आणि ज्या उन्हाची त्यांनी एवढी धास्ती घेतली होती, त्याच उन्हातून भर दुपारी जीप निघाली.

ती शुद्धीवर होती. पैनगंगेचा पूल गेला तेव्हा ती पुटपुटली, की माझंच नशीब खोटं, तुमचे हात भाजले. हे मात्र अमृतरावांना सोसवलं नाही. लोकांशी खोटं बोलणं जमलं होतं. तिच्याशी जमेना.

"जयवंता, ते वायर नव्हती," ते म्हणाले. "मी आपला सैपाकाचा गॅस भरला होता."

तिनं डोळे उघडले नाहीत. "मले मालूम होतं. बसल्याबरोबर वास आला."

"मंग बोलली काऊन नाही?"



"काडी काढली तवा बोलनारच होती," ती म्हणाली. "पन मले वाटलं, तुमाले त सारं समजते."

अमृतरावांनी पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवले. रडावं तर तोंडाची कातडी ताणून राहिली होती, रडताही येईना. चादर वाळत चालली होती, तिच्यावर कळशीतलं पाणी ओतायचं होतं, आणि त्यांना कळशी धरता येत नव्हती.

पांढरकवडा जवळ आलं. सावलीला थांबू का, असं ड्रायव्हरनं विचारलं. अमृतरावांनी वाकून ते तिला विचारलं. मग पुन्हा, जरा मोठ्यानं विचारलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, आणि ड्रायव्हरलाही काही सांगितलं नाही. जीप तशीच उन्हातून नागपूरच्या दिशेनं जात राहिली.